मोठ्या मातीकामावरील स्क्रेपर आणि बुलडोझर

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्यांच्या कामावर गेली. आपल्या वस्त्यांतील कितीतरी आयाबायांनी त्या उन्हात डोक्यावर घमेली वाहिली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि हातांना काम मिळावे म्हणून अशा कामांवरून यंत्रे दूर ठेवली गेली. परंतु मोठी धरणे, कालवे, विमानतळ यांचे मातीकाम यंत्रांनीच होते, आणि तेथे घमेले वाहणाऱ्यापेक्षा यंत्र चालविणाऱ्याला पगार व मान दोन्ही अधिक मिळतात. आपली मुले त्या यंत्राच्या आसनावर बसावीत असे आम्हांस वाटते. म्हणून मातीकामावर काम केलेल्या आम्हा काही सभासदांनी हा पाठ विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे.

प्रथम मातीविषयी. जमिनीत घट्ट बसलेली माती उकरली की फुगते. साध्या मातीचा एक घनमीटर उकरल्यावर सुमारे सव्वा घनमीटर होतो, आणि तीच माती भरावात पाणी मारून दाबली की मूळच्यापेक्षाही थोडी कमी जागा व्यापते. खाणीतली माती, वाहनातली माती आणि भरावातली माती ही तीन वेगळी मापे आहेत. ज्याला हा फरक कळत नाही त्याचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो, व ठेकेदाराच्या बिलातील खोट त्याच्या ध्यानात येत नाही.

आता यंत्रे. बुलडोझर म्हणजे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लावलेले पाते. तो माती ढकलतो, उचलत नाही. म्हणून शंभर मीटरच्या आतले काम त्याचे. त्याहून लांब ढकलू लागले की पात्याच्या दोन्ही बाजूंनी माती सांडते आणि डिझेल फुकट जाते. स्क्रेपर मात्र स्वतःच माती खरवडतो, पोटात भरतो, वाहून नेतो आणि पसरतो. दीडशे मीटरपासून दीड-दोन किलोमीटरपर्यंत त्याच्या तोडीचे यंत्र नाही. त्यापुढे पोकलेन आणि डंपर परवडतात. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पोकलेन-डंपरचीच जोडी दिसते. तरीही स्क्रेपर शिकावा असे आम्ही म्हणतो, कारण खोदणे, वाहणे व पसरणे यांचा मेळ ज्याला स्क्रेपरवर समजला त्याला मातीकामावरचे कोणतेही यंत्र अवघड जात नाही. अमेरिकेत रॉबर्ट लेटुर्नो यांनी १९२० च्या दशकात ट्रॅक्टरमागे ओढावयाचे स्क्रेपर बनविले आणि १९३० च्या दशकाअखेर स्वतःच्या इंजिनाचा स्क्रेपर आणला. भारतात भारत अर्थ मूव्हर्स हा सरकारी कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला, आणि देशात बनलेले बुलडोझर कामांवर दिसू लागले.

स्क्रेपरचे तीन भाग नीट ओळखावेत. मधली मोठी पेटी म्हणजे बोल. तिच्या तळाशी कापणारी धार असते. पुढचा दरवाजा म्हणजे एप्रन. आणि मागची हलणारी भिंत म्हणजे इजेक्टर. ती पुढे सरकून माती बाहेर लोटते. भरताना एप्रन थोडा उचलावा, बोल खाली सोडावा आणि वीतभर किंवा त्याहून कमी जाडीचा थर कापीत सरळ जावे. नवशिक्याला धार खोल घालण्याचा मोह होतो. तसे केले की चाके घसरतात, इंजिन दबते आणि बोल अर्धाच भरतो. पातळ व सलग थर बोलात उकळीसारखा वर येतो. शक्य असेल तेथे उताराच्या दिशेने भरावे, म्हणजे यंत्राचे वजनच मदत करते.

मोठ्या स्क्रेपरला एकट्याने भरता येत नाही. मागून बुलडोझर लागतो. येथे दोन चालकांचा मेळ हवा. बुलडोझरने धडक मारू नये. हलकेच टेकावे आणि मग जोर वाढवावा. स्क्रेपर वळत असताना कधीही ढकलू नये, कारण मधल्या सांध्यात तो दुमडतो. बोल भरला की स्क्रेपरवाल्याने धार उचलावी, एप्रन लावावा आणि बुलडोझरने शेवटचा रेटा देऊन बाजूला व्हावे.

बोल शिगोशीग भरण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो भराभर भरतो. त्यानंतर प्रत्येक सेकंदाला आत जाणारी माती कमी कमी होते. शेवटच्या चार घमेल्यांसाठी दोन यंत्रे खोळंबतात आणि मागे रांग लागते. साधा हिशेब पाहा. स्क्रेपरची पूर्ण फेरी, म्हणजे भरणे, नेणे, पसरणे व परतणे, सहा मिनिटांची आहे, आणि ढकलणाऱ्या बुलडोझरला एका स्क्रेपरमागे दीड मिनिट लागते. सहाला दीडने भागले की चार; म्हणजे एका बुलडोझरवर चार स्क्रेपर. तीनच ठेवले तर बुलडोझर रिकामा उभा राहतो, पाच ठेवले तर पाचवा स्क्रेपर थांबून राहतो. तासातली कामाची मिनिटे साठ नव्हे, पन्नास धरावीत. त्यात प्रत्येकाच्या आठ फेऱ्या होतात. बोलात सैल माती २० घनमीटर बसली तर ती खाणीतली १६ घनमीटर झाली. चार स्क्रेपर, आठ फेऱ्या, सोळा घनमीटर : तासाला ५१२ घनमीटर. कुदळ-घमेल्याने मऊ मातीतही एक माणूस दिवसाला दोन-तीन घनमीटरच्या पुढे फारसा जात नाही. किती हातांचे काम ही पाच यंत्रे करतात हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावे. ज्यांचे हात त्यामुळे रिकामे होतात त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो लहान नाही.

बुलडोझरने एकट्याने काम करताना खाच पाडून ढकलावे. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेले की दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती राहतात आणि पात्यावरची माती सांडत नाही. शेवटी त्या भिंती काढून घ्याव्यात. घट्ट मुरूम असेल तर यंत्रामागचा रिपर म्हणजे दाता लावून जमीन आधी फोडावी, मग स्क्रेपर बोलवावा. कातळ असेल तर दोन्ही यंत्रांचा उपयोग नाही, तेथे सुरुंगच हवा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली ती सुरुंग लावूनच.

आपल्याकडील काळी माती हा खास विषय आहे. कोरडी असताना ती ढेकळांनी निघते आणि ओली झाली की बोलाला चिकटते. इजेक्टर पुढे गेला तरी निम्मी आतच राहते. मातीच्या धरणात पाणी अडविणारा मधला गाभा, ज्याला कामावर हार्टिंग म्हणतात, तो चिकण मातीचा असतो आणि बाहेरचे केसिंग मुरमाचे. पैठणचे जायकवाडी धरण मातीचे असून त्याची लांबी सुमारे दहा किलोमीटर आहे. १९६५ मध्ये पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये उद्घाटन. एवढ्या लांबीचा भराव एका हंगामात होत नाही. दर पावसाळ्याआधी काम सुरक्षित उंचीवर आणून ठेवावे लागते.

भराव करताना स्क्रेपरने चालता चालताच माती सोडावी, एकाच जागी ढीग करू नये. थर वीत-दीड वीत जाडीचा असावा. त्यावर बुलडोझर किंवा ग्रेडर फिरवून सपाटी करावी, ओलावा बेताचा ठेवावा आणि मग शीपफूट रोलरने दाबावे. कोरडी माती दबत नाही आणि फार ओली माती रोलरखाली लाटेसारखी हलते. मूठभर माती दाबून गोळा करावा. गोळा टिकला पण हाताला पाणी लागले नाही तर ओलावा साधारण बरोबर समजावा. अंतिम निर्णय अर्थात प्रयोगशाळेचा.

धरणातून पाणी सोडण्याचा नळ, भिंत किंवा बांधकाम असेल तेथे मोठे यंत्र जवळ जाऊ शकत नाही. त्या कडेची माती लहान यंत्रांनी, धुम्मसांनी, पातळ थरांत दाबावी लागते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या पाण्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुणे शहर बुडाले. काम पुरे झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात पानशेतला पाणी साठले होते, आणि पाणी सोडण्याच्या नळावरचा भराव खचत गेला. खचलेल्या जागी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. भराव ही नुसती ओतलेली माती नव्हे, हे पुण्याच्या नदीकाठच्या वस्त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

शेवटी जिवाविषयी. या यंत्रांच्या चालकाला मागचे व बाजूचे फार थोडे दिसते. यंत्राजवळ जावयाचे असल्यास आधी चालकाची नजर आपल्याकडे वळली आहे व त्याने यंत्र थांबविले आहे याची खात्री करावी. स्क्रेपर आणि ढकलणारा बुलडोझर यांच्यामध्ये कोणीही, क्षणभरही, उभे राहू नये. मजूर बायका लहान मुलांना सावलीसाठी उभ्या यंत्राच्या आडोशाला निजवतात. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी चालकाने खाली उतरून यंत्राभोवती पूर्ण फेरी मारावी, आणि मुकादमाने मुलांसाठी वेगळा मांडव घालावा. उतारावर बुलडोझर सरळ वर-खाली न्यावा, आडवा वळवू नये. भरलेला स्क्रेपर नेताना बोल जमिनीपासून थोडाच वर ठेवावा, म्हणजे तोल राहतो. ब्रेक निकामी झाला तर बोल खाली टाकून यंत्र थांबविता येते. पट्टा बांधूनच बसावे, कारण यंत्र कलंडले असता उडी मारणारा बहुधा त्याच्याखाली सापडतो.

पाळी संपल्यावर यंत्र सपाट जागी उभे करावे, पाते, रिपर व बोल जमिनीला टेकवावेत, इंजिन काही मिनिटे मंद चालवून मग बंद करावे, आणि किल्ली खिशात घालून उतरावे. दुसऱ्या पाळीच्या चालकाला तेल, पट्ट्यांचा ताण व टायरची स्थिती तोंडी सांगावी आणि वहीत लिहूनही ठेवावी.