महाराजांचा खरा चेहरा कसा कळला?



शिवाजी महाराजांची तसबीर आपल्याकडे घरोघरी असते. शाळेत आहे, ग्रामपंचायतीत आहे. पण महाराजांच्या वेळी कॅमेरा कुठे होता? मग त्यांचे बाकदार नाक, टोकदार दाढी चित्रकार कशावरून काढतात? आमच्या सातवीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला हा प्रश्न निघाला. गुरुजींनी शोधून लिहायला सांगितले. जमवलेली माहिती येथे देत आहे.

दरबारी चित्रांची चाल

मोगल बादशहा अकबर याला चित्रांची फार आवड. तो स्वतः चित्रकारांपुढे बसे आणि त्याने दरबारातल्या सरदारांचीही चित्रे काढवून घेतली. त्यांचा मोठा संग्रह केला, असे अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त लिहिले आहे. पुढे जहांगीर व शाहजहान यांच्या वेळी ही कला फारच बारीक झाली. माणूस बहुधा एका बाजूने दाखवीत. त्यामुळे कपाळ, नाक, हनुवटी यांची रेघ नेमकी साधे. विजापूर आणि गोवळकोंडा येथेही अशी चित्रे होऊ लागली.

चित्र कसे तयार होई?

१. कागद : हाताने केलेले पातळ कागद खळीने एकावर एक चिकटवून जाड करीत. याला 'वसली' म्हणतात.

२. रेखाटन : आधी बारीक रेघांनी आकृती काढीत. तोच चेहरा पुन्हा हवा असेल तर पातळ कातड्यावर त्याची नक्कल उतरवून ठेवीत. तिला 'चरबा' म्हणत. तिच्या रेघांवर सुईने भोके पाडीत आणि वरून कोळशाची पूड टिपली, की खालच्या कागदावर ठिपक्यांनी चेहरा उमटे.

३. रंग : लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदक्षानचा दगड कुटत. हे सगळे डिंकाच्या पाण्यात खलत. आम्ही वर्गात गेरू नुसत्या पाण्यात कालवून लावला, तर वाळल्यावर बोटाला पूड लागली. डिंक घातल्यावर पक्का बसला. आपल्या रंगपेटीतल्या पातळ रंगातून खालचा कागद दिसतो, तसा यात दिसत नाही. रंग दाट असतो. म्हणून गडद अंगरख्यावरही पांढरे मोती काढता येतात.

४. कुंचला : खारीच्या शेपटीच्या केसांचा. पापणीचा एकेक केस त्याने काढीत. आपल्या शेजारच्या पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर आहेत. त्यांचा हात पाहिला की हे काम किती नाजूक ते कळते.

५. घोटाई आणि सोने : चित्र पालथे ठेवून मागून अकीक दगडाने घोटीत. त्यामुळे रंग गुळगुळीत होई. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो ना, तसा सोन्याचा वर्ख घेऊन तो खलत, धूत आणि डिंकात कालवून कुंचल्याने लावीत. मग घोटून चकाकी आणीत.

महाराजांची चित्रे

निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस मोगलांच्या चाकरीत होता. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत महाराजांची व आपली भेट झाली, असे त्याने लिहिले आहे. त्याने मीर महंमद या चित्रकाराकडून राजे आणि सरदार यांची चित्रे १६८६ पूर्वी काढवून घेतली. त्यांत महाराज घोड्यावर बसलेले आहेत. हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातही त्याच सुमाराचे, गोवळकोंड्याकडचे महाराजांचे चित्र आहे. म्हणजे महाराजांचे चेहरे परमुलखात जपले गेले!

आपल्याकडे मात्र एके काळी भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जाई. लोक भक्तीने त्यालाच हार घालीत. हे खटकले ते इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांना. त्यांचा जन्म १८९४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या पेणचा! जुने कागद धुंडाळताना डचांच्या लिखाणाबरोबरचे महाराजांचे चित्र त्यांना मिळाले आणि १९३३ साली त्यांनी ते लोकांपुढे मांडले. त्यानंतर खरा चेहरा घरोघर पोचला.

मला यातून असे वाटते, की चित्र हाही इतिहासाचा कागदच आहे. ज्या कारागिराने नाकाची रेघ खरी ओढली, त्याच्यामुळे आपल्याला साडेतीनशे वर्षांनी महाराज दिसतात. आणि ज्याने खोटे चित्र बाजूला केले, त्याचेही उपकार तेवढेच. नुसता नमस्कार करून भागत नाही; चित्र कोणी काढले, केव्हा काढले, कशावरून काढले, हेही विचारले पाहिजे. पालकांनो, घरात आजोबा-पणजोबांची जुनी तसबीर असेल तर तिच्यामागे त्यांचे नाव आणि साल आजच लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे होईल.

सांगा पाहू!
१. चरबा कशासाठी वापरीत?
२. रंगात डिंक का घालतात?
३. मीर महंमदाने काढलेले महाराजांचे चित्र आज कोठे आहे?

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी