झाशीत नव्याने आलात आणि घरात दारूचा प्रश्न आहे

रेल्वे, लष्कर, भेलचा कारखाना किंवा बँक, बदली कुठलीही असो, झाशीत उतरलेल्या मराठी कुटुंबाला इथली जुनी घरे शाळा, किराणा, गॅस सगळे सांगतात. या विषयावर मात्र गप्प बसतात. म्हणून तिघांकडून लिहून घेतले. नावे गाळली आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगचा पत्ताही मुद्दाम छापलेला नाही. जागा आणि वार बदलतात, आणि तिथे कोण जाते हे कॉलनीला कळायचे कारण नाही.

सिपरी बाजारातून, रेल्वेतून निवृत्त

आधी डॉक्टर, मग मीटिंग. हा क्रम उलटा करू नका. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, ताप, बडबड. जीवही जातो. हात थरथरत असतील तर महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. आधारकार्ड आणि चालू गोळ्यांची पट्टी बरोबर ठेवा. किती पितो ते खरे सांगा. 'कधीमधी' म्हणालात तर औषधाचा डोस चुकेल.

गट शोधायला १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर लावा. मनाचा त्रास जास्त असेल तर १४४१६, टेलिमानस. ओपीडीतल्या समुपदेशकालाही 'एए' विचारा. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत सुरू झाले, १९५७पासून भारतात आहे. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी.

जागा बहुधा चर्चची किंवा शाळेची असते. आमच्या घरी 'बाटवतील' म्हणून रडारड झाली होती. खोली स्वस्तात मिळते, एवढेच कारण. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा. प्रत्येक जण नुसते नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि आपले बोलतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्लाही देत नाही. आडनाव, हुद्दा कोणी विचारत नाही, त्यामुळे साहेब आणि खलाशी शेजारी बसतात. शेवटी थैली फिरते. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकले नाही तरी चालते. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत. फी नाही, फॉर्म नाही. सोडायची इच्छा एवढीच अट.

बोलणे हिंदीत, मधूनमधून बुंदेली. मराठीतच मन मोकळे होत असेल तर महाराष्ट्रातल्या गटांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात. पण आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष जा. मोबाईलवर कॅमेरा बंद करून पिता येते.

सिव्हिल लाइन्समधून, एका ताई

भिंतीवर रंगवलेले असते ना, 'बिना बताए शराब छुड़ाएँ'? त्याला भुलू नका. न सांगता भाजीत गोळी कालवायची आणि त्यावर माणूस प्यायला तर? रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. आमच्या जाऊबाईंनी केलं होतं, भाऊजींना रात्री उचलून न्यावं लागलं.

मग धाकट्या दिरांना एका खाजगी केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांचे पैसे आधी. फोन बंद, भेट बंद, 'इलाज में खलल पड़ेगा'. पावती मागितली तर उद्या या, उद्या गेलं तर मॅनेजर नाही. डिस्चार्जचा कागद नाही म्हणून ऑफिस रजा मंजूर करेना, आणि ऑफिसचं पत्र नाही म्हणून केंद्र कागद देईना! माझ्या चपला झिजल्या. बाहेर आले तेव्हा दिरांच्या पाठीवर वळ होते.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसन येतं. केंद्राची नोंदणी लागते, रुग्णाला फोनचा आणि भेटीचा हक्क आहे, मारहाण तर नाहीच नाही. नोंदणीचा नंबर आधी बघा, पैसे नंतर. त्यांनी दाखवायला टाळाटाळ केली तर उठा आणि चालू लागा.

शहरातल्या एका जुन्या घरातून, काका

नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून आपली घरे इथे आहेत. ज्या गणेश मंदिरात राणीसाहेबांचे लग्न लागले, तिथे रोज जाऊन अथर्वशीर्ष म्हणणाऱ्याला बाटली आठवणार नाही. मुलांना मराठी शिकवा, शुभंकरोती म्हणायला लावा. इथल्या वरातीत आणि होळीच्या ठंडाईत आपण वाहवत चाललो आहोत.

(काकांचे मत जसेच्या तसे दिले आहे. विसर्जनानंतर काही गच्च्यांवर काय चालते ते त्यांच्या कानावर आलेले नसावे. पण वरातीचे म्हणणे खरे आहे: 'ले लो भैया, एक से क्या होता है' म्हणणारा प्रत्येक लग्नात भेटतो. हातात आधीच थंड पेयाची बाटली धरून उभे राहा. आणि देवावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. मोडली की माणूस लाजेपोटी मीटिंगलाही जात नाही.)

घरच्यांसाठी

यावर कोणी लिहून दिले नाही. बायका, आई-वडिलांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात, तेही फुकट. नवरा जात नसला तरी बायको जाऊ शकते. दिवाळीला पुण्याला जाणार असाल तर मुक्तांगणला फोन करून ठेवा. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, आणि तिथे बोलणे मराठीत होते. सणात रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, तेवढे आधी बघा.