पंप आधी वर गेले

एका गाईवर गोबरगॅस चालत नाही. हे मी आता कोणालाही, कोणी विचारलेलं नसतानाही सांगतो आणि घरचे वैतागतात. गाय दिवसाला 10 किलोच्या आसपास शेण देते. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो लागतं. म्हणजे चार-पाच गुरं हवीत. ज्या माणसाने मला वांगणीच्या अलीकडे पाच गुंठे विकले, त्याच्या रंगीत पत्रकावर मात्र एक गीर गाय, शेजारी हिरवी टाकी आणि टाकीतून थेट शेगडीकडे जाणारी नळी असं चित्र होतं. खाली ओळ होती, ‘बाजारात जायची गरजच नाही.’ त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे पेन्शन आहे.

मी अंबरनाथच्या ऑर्डनन्समधून निवृत्त झालो. राहणं उल्हासनगर चार, मराठा सेक्शन. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला अंगणात कोंबडा आरवलेला ऐकायची हौस का असते, ते सांगायला नको. गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव होतं, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. बाकी हे ‘फार्म प्लॉट’चे व्यवहार कसे होतात, ते कल्याण-कर्जत पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे: साठेखत, कुलमुखत्यारपत्र, सामाईक सातबारा आणि ‘काका, नावावर होईल हो, घाई काय आहे.’

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे नाकारणार नाही. पहाटे गाईची धार, मग खुराडं उघडायचं, अंडी काढायची, शेळ्यांचं मचाण झाडायचं. शेळीला खाली ओल चालत नाही. म्हणून फळ्यांमध्ये फट ठेवून उंचावर मचाण करायचं, लेंड्या खाली पडतात आणि खत आपोआप जमतं. पहिला पाऊस झाला की वाडीवरच्या ठाकरांच्या बाया बायकोला बांधावर घेऊन जायच्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. शेवळाबरोबर काकड टाकला नाही तर घसा खाजतो, हे ती तिथेच शिकली. अंडी आणि भाजी कधी विकत आणावी लागली नाही. दूधही बहुतेक वेळा घरचंच. पण ‘बाजारात जायची गरज नाही’ हे साफ खोटं. सरकी पेंड, भुसा, चुनी, औषधं, तेल, मीठ सगळं बदलापूरहूनच यायचं. पाच गुंठ्यांत घर, गोठा आणि विहिरीची जागा सोडली तर चाऱ्याला काय उरतं? हिरवा चारा विकत, पेंढा विकत. बांधावर शेवगा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं, तेवढाच शेळ्यांना आधार.

जनावरंही जागा विकणाऱ्याकडूनच घ्यायची, असा ‘पॅकेज’चा नियम होता. शेळ्या दोन दाती म्हणून दिल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एकीचं तोंड उघडून मला दाखवलं: आठ दात, पूर्ण जुळलेली. करडाला खालच्या जबड्यात पुढे आठ दुधाचे दात असतात. त्यातली मधली जोडी पडून मोठे दात येतात ते साधारण सव्वा ते दीड वर्षाला. मग वर्षा-सव्वा वर्षाने एकेक जोडी वाढत जाते. आठ दात म्हणजे चार वर्षांच्या घरात. आणि वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तेव्हा ‘वरचे पडलेत’ असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. गाय गीर असल्याचं सांगितलं होतं. तिचे कान तेवढे गीरचे होते. सौद्याच्या दिवशी कास तट्ट भरलेली दाखवली, कारण आदल्या संध्याकाळी धार काढलेलीच नव्हती. दुभतं जनावर घेताना लागोपाठ दोन वेळची धार आपल्यासमोर काढून घ्यावी, हे मला नंतर म्हशाच्या यात्रेत एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं. फुकट सांगितलं, म्हणून लक्षात राहिलं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. शेळी म्हातारी निघाली म्हणून कोणी लेख लिहीत नाही.

लोक मला विचारतात, नदीकाठी जागा घेतलीतच कशाला. मी विचारलं होतं. सौद्याच्या आधी, बायकोसमोर आणि मेव्हण्यासमोर विचारलं होतं की पाणी इथपर्यंत येतं का. तो हसला. ‘नदी कुठे, तुम्ही कुठे, काका!’ महिना डिसेंबरचा होता. उल्हास तेव्हा दगडांमधून वाहणारी शहाणी नदी असते, मुलं गुडघाभर पाण्यात पोहायला शिकतात. मी 2005च्या पुराचा विषय काढला, तेव्हा म्हणाला, ‘तेव्हा मुंबई बुडली होती, आपल्याकडे काय!’ बदलापूरच्या कुठल्याही जुन्या माणसासमोर हे वाक्य म्हणून पाहा.

आता 26 जुलै 2019. दुपारपासून पाऊस लागून होता, पण आमच्याकडे घाबरावं असं काही दिसत नव्हतं. चारच्या सुमारास त्याचा ट्रॅक्टर आमच्या फाटकासमोरून वर टेकडीकडे गेला. ट्रॉलीत साइट ऑफिसचे पाण्याचे दोन पंप, जनरेटर, गाद्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी छत्री घेऊन बाहेर आलो. ट्रॅक्टरवरच्या पोराला विचारलं, कुठे रे हे सगळं? म्हणाला, ‘सर्व्हिसिंगला.’ मला त्याच्या ट्रॉलीतल्या गाद्या दिसल्या होत्या. गाद्यांचं सर्व्हिसिंग! मी हसून आत आलो. पोराने हात केला, मीही केला.

थोड्या वेळाने दुसरी खेप गेली. तिच्यात सिमेंटच्या गोण्या होत्या.

रात्री पाणी आलं ते आवाज न करता आलं. वरून कोसळत नाही ते. विहिरीच्या बाजूने, गवतातून, गोठ्याच्या मागच्या दाराखालून आलं. बायकोने हाक मारली तेव्हा गाय घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि दावं ताणून हंबरत होती. गाठ भिजून अशी आवळली होती की सुटेना, विळ्याने कापली. शेळ्या मचाणावर होत्या म्हणून वाचल्या, त्याही फार वेळ नाही. एकेक करून खांद्यावर घेऊन बांधापलीकडच्या वरकस जमिनीवर नेल्या. कोंबड्या गेल्या. मुंगसाच्या भीतीने खुराड्याला रोज कडी लावायचो, खुराडं जमिनीलगत आणि दार खालच्या बाजूला, पत्रकातल्या चित्रात होतं तसं. तिथपर्यंत पोचेस्तोवर पत्र्यावरून पाणी वाहत होतं.

टेकडीच्या उतारावर, शेळ्यांच्या मधोमध, प्लॅस्टिक पांघरून बसलो होतो. समोर वरच्या शेडमध्ये जनरेटर सुरू झाला आणि दिवा लागला. त्या उजेडात पंप दिसले, एकावर एक रचलेल्या खुर्च्या दिसल्या, ताडपत्रीखाली सिमेंट दिसलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चार वाजता याला माहीत होतं. कर्जत-खंडाळ्याकडून फोन आला असणार. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, वर किती कोसळलं त्यावर आमच्याकडचं पाणी ठरतं, ते पोचायला काही तास लागतात. त्या तासांत त्याने खुर्च्या वाचवल्या. आमच्या फाटकावर थांबून ‘काका, गुरं वर काढा’ एवढे चार शब्द बोलायला ट्रॅक्टर बंदसुद्धा करावा लागला नसता. पण ते बोललं की ‘नदी कुठे, तुम्ही कुठे’ खोटं ठरतं, आणि ट्रॅक्टर दोनदा वर गेला तरी प्लॉट अजून विकायचे बाकी होते.

त्याच रात्री जवळच चामटोलीला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली. हजाराहून जास्त प्रवासी दुसऱ्या दिवशी एनडीआरएफने, नौदलाने आणि गावकऱ्यांनी बाहेर काढले. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्यानेही पाहिलं असेल, जनरेटर होताच.

तिसऱ्या दिवशी तो जेसीबी घेऊन आला. चेहरा पाडून म्हणाला, ‘निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, काका.’ मेलेल्या कोंबड्यांचा वास सुटेल, साथ पसरेल, म्हणून लगेच खड्डा करून पुरून टाकू, असा त्याचा आग्रह. तलाठी येईपर्यंत थांबा म्हणालो तर जेसीबी तासावर आहे म्हणाला. मी गाईला चुना-हळद लावत होतो, तेवढ्यात खड्डा बुजवूनही झाला. पुढे तलाठी आले. त्यांनी विचारलं, मृत पक्षी कुठे? आणि जागेचा सातबारा कोणाच्या नावावर? दोन्हींचं उत्तर मातीखाली होतं. आठवड्याभरात त्या गाळावर मुरुम पसरला गेला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नव्या पत्रकावर ‘रिव्हर टच’ असे शब्द आले. एक आठवण म्हणून त्याने आम्हाला दोन करडं भेट द्यायची तयारी दाखवली, फोटोसह. मी फोटो आणि करडं दोन्ही नाकारली. बायको अजून म्हणते, करडं घ्यायची होती.

तर जे कोणी या भागात जागा आणि जनावरं घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना सांगतो.

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा जलसंपदा विभागाकडे मिळतो, गट नंबर घेऊन जा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कागदावर 25 आणि 100 असलं तरी आमच्याकडे 2005, 2019 आणि 2021 असा हिशोब आहे. तलाठ्याकडे 2005च्या पंचनाम्यांत तुमचा गट आहे का विचारा. आणि दलालाला सोडून एकट्याने वाडीवर जा. तिथली म्हातारी माणसं कुठल्या आंब्याच्या कुठल्या फांदीपर्यंत पाणी आलं ते हाताने दाखवतात. मला तो आंबा नंतर दाखवला गेला. माझ्या छपरापेक्षा ती फांदी उंच आहे.

बदलापूरला उल्हासची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची 17.50. पावसाळ्यात हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, पण गुरं हलवायची ती आकड्यांवर नाही. कर्जतला ओळखीचं एक माणूस ठेवा, त्याचा फोन आला की हला.

जनावर सुटत्या गाठीनेच बांधायचं, जिचं एक टोक ओढलं की दावं मोकळं होईल. जूनमध्ये ती गाठ घरातल्या प्रत्येकाकडून अंधारात सोडवून घ्या. खुराडं कमरेच्या वर, दार वरच्या बाजूला. पेंड-भुसा माळ्यावर. आमची एक शेळी पुरातून वाचली आणि पंधरवड्यात गेली. भिजून बुरशी धरलेली पेंड उन्हात वाळवून घातली होती, तीही त्याच्याच गोदामातली ‘अर्ध्या किमतीत’. ओली झालेली पेंड फेकायचीच असते, वाळवायची नसते. पाऊस लागण्याआधी, मेमध्येच, शेळ्यांना आंत्रविषाराची आणि गाईला घटसर्प-फऱ्याची लस. पुरानंतर दवाखान्यासमोर रांग लागते तेव्हा उशीर झालेला असतो. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन आहे. चिखलात अनवाणी उतरू नका, लेप्टो होतो. आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय ते पाणी जनावरांनाही नको. बाकी स्वच्छता ठेवावी, वेळच्या वेळी जंतनाशक द्यावं वगैरे कुठल्याही पुस्तिकेत मिळेल.

जनावराच्या कानातला 12 आकडी बिल्ला मारून घ्या. 2024च्या जूनपासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही आणि आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाईही नाही. भरपाईचा केंद्राचा 2022चा निकष दुभत्या गाई-म्हशीला 37,500, शेळीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये असा आहे. ही रक्कम मोठी नाही, पण पंचनामा झाला की निदान सरकारदरबारी लिहिलं जातं की इथे पाणी आलं होतं. जेसीबीवाल्याला नेमकं तेच लिहिलेलं नको असतं. तेव्हा जनावर मेलं तर फोटो काढा, डॉक्टरांना बोलवा, तलाठी येईपर्यंत कोणालाही खड्डा काढू देऊ नका, तुमचा सख्खा भाऊ जेसीबी घेऊन आला तरी.

पाच गुंठे अजून माझ्याकडेच आहेत. गाय वाडीवर एका घरी दिली, शेळ्या वाटा ठरवून त्यांच्याचकडे ठेवल्या. गेल्या वर्षी एक जोडपं जागा बघायला आलं होतं, डोंबिवलीचं. किंमत चांगली देत होते. त्यांनी विचारलं, पाणी येतं का? मी त्यांना आंब्याची फांदी दाखवली. ते गेले. शेजारचा प्लॉट त्यांनी त्याच्याकडून घेतलाय असं ऐकतो. ओळखीतलं कोणी असेल तर त्यांना एवढा निरोप द्या: ट्रॅक्टर वर जाताना दिसला की काही विचारत बसू नका, गुरं सोडा.