वाचलेला कोळसा गेला कोठे?

घरातील जुना दिवा काढून कमी वीज खाणारा नवा दिवा लावला, म्हणजे विजेचे बिल उतरते, हे तुम्ही पाहिले असेल. यावरून कोणासही सहज वाटेल, की सगळ्या देशाने काटकसरीची यंत्रे वापरली, तर देशातील इंधन आपोआप वाचेल. हिशेब सरळ दिसतो. परंतु इंग्लंडमधील एका तरुण अर्थशास्त्रज्ञांनी १८६५ साली तो तपासून पाहिला, तेव्हा त्यांना निराळेच उत्तर मिळाले. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स हे त्यांचे नाव.

जेव्हन्स यांचा जन्म १८३५ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वडिलांचा लोखंडाचा व्यापार होता. पण १८४८ मध्ये तो बुडाला. जेव्हन्स यांनी लंडनला रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि वयाच्या अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस तपासण्याची नोकरी पत्करली. रिकाम्या वेळी ते तेथील हवामानाच्या नोंदीही ठेवीत. प्रत्येक गोष्ट मोजल्यावाचून तिच्याविषयी बोलावयाचे नाही, ही सवय त्यांना लागली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी हीच दृष्टी व्यापाराकडे वळविली आणि १८६५ साली ‘कोळशाचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

त्या काळी ब्रिटनचे सारे वैभव कोळशावर उभे होते. गिरण्या, आगगाड्या, आगबोटी, लोखंडाच्या भट्ट्या, सर्वांना कोळसा हवा. शिवाय जहाजे भरभरून तो परदेशीही जात असे. १८६१ साली तेथील खाणींतून सुमारे ८ कोटी ३६ लक्ष टन कोळसा निघाला होता आणि दरवर्षी त्यात शेकडा साडेतीन या प्रमाणाने भर पडत होती. शेकडा साडेतीन म्हणजे काही मोठी वाढ नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण चक्रवाढीने हिशेब करून पाहा. वीस वर्षांत दुप्पट, चाळीस वर्षांत चौपट, आणि शंभर वर्षांत सुमारे एकतीसपट! या गतीने १९६१ साली वर्षाला २६० कोटी टन कोळसा लागेल, असे जेव्हन्स यांनी दाखविले. एवढा कोळसा काढावयाचा, तर खाणी खोल खोल जाणार, खर्च वाढणार आणि भरभराट खुंटणार, अशी त्यांना भीती वाटली.

यावर कित्येकांचे उत्तर तयार होते. “चिंता कशाला? यंत्रे सुधारत आहेत. उद्या थोडक्याच कोळशात काम भागेल.” जेव्हन्स यांनी ही समजूत इतिहासाच्या कसोटीला लावली. न्यूकोमेन याने १७१२ मध्ये बनविलेले वाफेचे यंत्र फार कोळसा खाई. जेम्स वॅट याने १७६९ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र तेच काम पुष्कळच कमी कोळशात करी. म्हणून कोळशाचा खप घटला का? छे! उलट तो वाढतच गेला. दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. नील्सन याने १८२८ मध्ये भट्टीत थंड हवेऐवजी तापविलेली हवा सोडण्याची युक्ती काढली. त्यामुळे एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी झाला. आणि तरीही १८३० ते १८६३ या काळात तेथे कोळशाचा एकूण खप दसपट झाला.

मग वाचलेला कोळसा गेला कोठे? उत्तर बाजारात सापडते. कोळसा कमी लागला, म्हणून लोखंड स्वस्त झाले. स्वस्त झाले, म्हणून त्याला मागणी आली. रूळ, पूल, जहाजे आणि यंत्रे, सर्व लोखंडाचे होऊ लागले. मागणी आली, म्हणून नव्या भट्ट्या पेटल्या. एका भट्टीने वाचविले ते दहा भट्ट्यांनी जाळले.

हा ग्रंथ ब्रिटनच्या पार्लमेंटातही गाजला. परंतु जेव्हन्स यांचा सर्वच अंदाज खरा ठरला नाही. ब्रिटनमधील कोळशाचे उत्पादन १९१३ साली सुमारे २९ कोटी टनांवर पोहोचले आणि पुढे उतरत गेले. खनिज तेल कोळशाची जागा घेईल, हे त्यांना दिसले नव्हते. पण स्वस्ताईने खप वाढतो, हे त्यांनी दाखविलेले सत्य मात्र टिकले.

विमानांचेच पाहा ना. पहिल्या जेट विमानांपेक्षा आजची विमाने दर प्रवाशामागे कितीतरी कमी इंधन जाळतात. प्रवास स्वस्त होण्यास या सुधारणेचाही हातभार लागला. १९७० मध्ये जगात सुमारे ३१ कोटी विमानप्रवास झाले. २०१९ मध्ये ते सुमारे ४५० कोटींवर गेले. विमान काटकसरी झाले. पण विमानांचे एकूण इंधन, आणि त्याबरोबर आकाशात सोडला जाणारा कार्बन वायू, वाढतच गेला. जेव्हन्स यांना कोळसा संपण्याची चिंता होती. आपली चिंता निराळी आहे. भूमीत अजून पुष्कळ कोळसा आहे. पण तो सगळा जाळला, तर पृथ्वीचे तापमान आपल्याला सोसवणार नाही.

तर मग यंत्रे सुधारणे व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक वेळी सगळीच बचत वाया जाते, असे नाही. घरातला दिवा बदलल्याने तुमचे बिल खरोखरच उतरते. मात्र यंत्राची काटकसर एकटी पुरत नाही. तिला नियमाची जोड लागते. ब्रिटनचेच उदाहरण घ्या. ज्या १८८२ साली जेव्हन्स वारले, त्याच साली लंडनमध्ये कोळशावर वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले होते. पुढे तेथील सरकारने कोळशाच्या धुरावर कर बसविला, वाऱ्यावर चालणाऱ्या वीजचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले.

यंत्र आपल्याला बचत करून देते. त्या बचतीचे काय करावयाचे, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

अभ्यास

१. सिडनीच्या टांकसाळीतील नोकरीचा जेव्हन्स यांना पुढे कोणता उपयोग झाला?
२. ‘एका भट्टीने वाचविले ते दहा भट्ट्यांनी जाळले’ या वाक्याचा अर्थ स्कॉटलंडच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
३. जेव्हन्स यांचा कोणता अंदाज चुकला? का चुकला?
४. तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत स्वस्त झालेली एक वस्तू निवडा. तिचा वापर वाढला की घटला, हे वडील माणसांना विचारून पाच ओळी लिहा.