उसातला जिवाणू आणि विलायतेतली कंपनी



लागणीच्या वेळी ॲसेटोबॅक्टरची पाकिटे न्या, असे आमचे गटातले लोक सांगतात तेव्हा "पाकिटात काळी भुकटीच तर आहे" असे उत्तर बरेचदा मिळते. याच जिवाणूच्या जोरावर इंग्लंडात एक कंपनी उभी राहिली आहे. विद्यापीठातला शोध बाजारात यायला काय काय लागते ते तिच्यावरून समजते, म्हणून तिची हकिकत येथे देत आहोत.

मूळ शोध ब्राझीलचा. तेथे कित्येक शेतांत वर्षानुवर्षे कमी नत्रावर ऊस घेतात, तरी उत्पादन व्हावे तसे घटत नाही. मग पिकाला नत्र येते कोठून? योहाना डोबेरायनर या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये उसाच्या मुळांत व कांड्यांत राहणारा एक जिवाणू प्रसिद्ध केला. दहा टक्के साखरेच्या पाण्यात, आंबट रसात तो मजेत वाढतो आणि हवेतला नत्र धरतो. हरभऱ्या-भुईमुगाच्या मुळांवर गाठी येतात तसे येथे काही दिसत नाही. सगळे काम आतल्या आत चालते.

पुढे इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड कॉकिंग यांनी वेगळा प्रश्न धरला. उसातला हा जिवाणू इतर पिकांच्या पेशीत शिरेल काय? उसातून मिळालेला एक वाण मुळांच्या पेशींच्या आत जाऊन राहतो, असे त्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती.

पण प्रबंध छापला म्हणजे औषध तयार झाले असे नव्हे. प्राध्यापकाजवळ फ्लास्कभर जिवाणू असतात. शेतकऱ्याला लागतात हजारो लिटर, आणि तेही जिवंत! बाटली दुकानात महिनोन्‌महिने राहिली तरी आतला जिवाणू मरता कामा नये. निरनिराळ्या जमिनींत चाचण्या घ्याव्या लागतात, सरकारी परवाने काढावे लागतात. हे विद्यापीठाचे काम नव्हे. म्हणून 2012 मध्ये ॲझोटिक टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली आणि विद्यापीठाने आपले तंत्र वापरण्याचा हक्क तिला दिला. असा व्यवहार आपल्याकडच्या खंडासारखा असतो. जमीन मालकाच्याच नावावर, कसणारा दुसरा, आणि मालकाला ठरलेला वाटा. जमिनीचा सातबारा तसे शोधाचे पेटंट. मात्र पेटंटाचा अर्ज करण्याआधीच शोध जगजाहीर केला तर तिकडे तो हक्क जातो. त्यामुळे बोलायची घाई झालेल्या शास्त्रज्ञाला आधी वकिलाकडे जावे लागते.

सगळ्यात अवघड असतो तो मधला काळ. विक्री नाही आणि पगार तर चालू. अशा वेळी भांडवलदार पैसे घालतात, ते पुढच्या आशेवर. आपल्या लोकांना हे नवीन नाही. कारखान्याने एक कांडी गाळण्याआधी सभासदांनी शेअर घेतलेच होते. 2013 मध्ये दोन-तीन वर्षांत माल बाजारात येईल असे विद्यापीठाने जाहीर केले होते. अमेरिकेत मक्यासाठी 'एन्व्हिटा' या नावाने तो आला 2019 मध्ये.

आला, पण सगळीकडे गुण आला काय? अमेरिकेतील कृषी विद्यापीठांनी या जातीच्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या नत्र-जिवाणूंच्या 61 चाचण्यांचा अहवाल 2023 मध्ये काढला. त्यांतल्या फक्त दोन ठिकाणी उत्पादन वाढलेले दिसले. यावरून शोध खोटा ठरत नाही. परंतु प्रयोगशाळेत पेशीत शिरणे वेगळे आणि रानात युरियाचे पोते वाचवणे वेगळे. विक्रेता पहिले दाखवतो, आपण दुसरे विचारावे.

आपल्या उसाची गोष्ट जरा बरी आहे, कारण ऊस हे या जिवाणूचे मूळ घर. राहुरी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी 10 किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारा जिवाणू 100 लिटर पाण्यात कालवून टिपरी अर्धा तास बुडवली, तर नत्राची मात्रा निम्म्यावर आणता येते. आडसालीला हेक्टरी 400 किलो नत्र सांगितले आहे. निम्मे म्हणजे युरियाची 45 किलोची नऊ-दहा पोती वाचली. बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया आधी करावी, टिपरी सावलीत सुकू द्यावीत आणि मगच जिवाणू लावावा. दोन्ही एकाच पाण्यात कालवल्यास औषधाने जिवाणूच मरतो. आणि जिवाणू लावून वर युरियाही पुरा ओतला, तर उसातली त्याची संख्या घटते असे प्रयोगांत आढळले आहे. मग पाकिटाचे पैसे वाया.

तरीही सगळ्या रानाचे नत्र पहिल्याच वर्षी निम्मे करू नये, असे आमचे मत आहे. चार-सहा सऱ्यांचा एक पट्टा नेहमीप्रमाणे ठेवावा, शेजारच्या तेवढ्याच पट्ट्याला जिवाणू व निम्मे नत्र द्यावे. पाणी, बेणे, लागणीची तारीख एकच हवी. तोडणीला दोन्ही पट्ट्यांचा ऊस वेगळा भरून वेगळ्या वजनाची चिठ्ठी घ्यावी, आणि त्यासाठी तोड येण्याच्या आठ दिवस आधी गटाच्या चिटबॉयला सांगून ठेवावे.