टिटवाळा ते वाशिंद : एका लढ्याचा अभ्यास

खडवली म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या पोरांना एकच गोष्ट आठवते, भातसा नदी. पावसाळ्यातली पिकनिक, ओले कपडे आणि परतीच्या लोकलची वाट. पण खडवलीचा पत्ता मला जरा वेगळा सांगायचा आहे. खडवलीच्या अलीकडे टिटवाळा, पलीकडे वाशिंद. या दोन स्टेशनांत किसान सभेच्या इतिहासाची दोन पानं आहेत, एक १९४५ चं आणि दुसरं २०२३ चं. कुठला पक्ष बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. ज्याच्याकडे ना पैसा ना ओळखी, तो माणूस अन्याय अडवतो कसा, एवढंच मी इथे मांडणार आहे.

१. वेठ आणि लग्नगडी

त्या काळी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. कूळ म्हणून जमीन कसायची, तर मालकाच्या शेतावर फुकट राबायचं, याचं नाव वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही मालकाच्या घरी गडी. कर्ज फिटलं की नाही हे मालकच ठरवणार, म्हणजे ते कधीच फिटायचं नाही. या गड्याला 'लग्नगडी' म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर असा लूप, ज्याला बाहेर पडायची कंडिशनच लिहिलेली नाही.

२. टिटवाळा, १९४५

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिच्या तयारीसाठी गावोगाव फिरले होते. उंबरगाव भागातून काही वारली आले, त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. त्यांनी परिषदेत आपल्या लोकांची दशा सांगितली. मग २३ मे १९४५ ला झरीत वारल्यांची मोठी सभा झाली आणि साध्या शब्दांत निर्धार ठरला : वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या खाजगी जमिनीवर काम करायचं नाही, कोणी मारायला आलं तर एकजुटीने उभं राहायचं.

पुढची लढाई गवताची. पावसाळा संपला की गवत वेळेत कापावंच लागतं, नाहीतर मालकाचा माल रानातच वाया. वारल्यांनी नेमका तोच हंगाम निवडला. मागणी काय, तर ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. 'आम्हाला न्याय द्या' एवढंच म्हटलं असतं तर 'देतो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. इथे वजन ठरलेलं, रक्कम ठरलेली, त्यामुळे शब्द फिरवायला जागाच नाही.

याची किंमत मात्र मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. तरी संप मोडला नाही. ही सगळी हकिगत गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

३. रात्रीचा मोर्चा, २०१८

६ मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला निघाले. मुख्य मागणी होती वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीचे पट्टे. तो कायदा २००६ चा, म्हणजे कागदावर हक्क होता, हातात नव्हता. ११ तारखेला मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा निघाले असते तर रस्ते अडून मुलांचे हाल झाले असते. म्हणून दिवसभर चाललेली माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोचली. पायाला फोड आलेल्या बाया-माणसांनी आपल्या पोरांची परीक्षा सांभाळली, हे पाहून मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या आणि परतीला भुसावळपर्यंत खास गाड्या सुटल्या. त्या आपल्या खडवलीवरूनच गेल्या.

४. वाशिंद, २०२३

आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. या वेळी वनजमिनीबरोबर कांद्याचा भावही मागण्यांत होता. मुंबईत चर्चा झाली, पण मोर्चा वाशिंदला थांबून राहिला. अंमलबजावणीचे आदेश निघाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं होतं. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं आणि १८ मार्चला मोर्चा मागे घेतला गेला. ना पुढे ना मागे, नुसतं बसून राहणं हेही हत्यार होऊ शकतं, हे वाशिंदने दाखवलं.

५. आपण काय शिकायचं?

माझ्या मते चार गोष्टी. मागणी मोजता येईल अशी असावी. वेळ अशी निवडावी की समोरच्याला टाळता येणार नाही. ज्यांचा आपल्याशी वाद नाही त्यांना त्रास होऊ देऊ नये. आणि तोंडी शब्दावर उठू नये.

हे वाचून 'वेठ तर संपली' असं वाटत असेल तर जरा थांबा. आपल्यातले सिव्हिलवाले उद्या साइटवर उभे राहणार, तिथे विटांचे ट्रक येणार. पावसाळ्यात घरात दाणा नसताना 'उचल' घ्यायची आणि पुढचा हंगाम ती फेडत भट्टीवर राबायचं, ही पद्धत लग्नगड्याच्या सख्ख्या नात्यातली आहे. अशा कर्जापायी माणसाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि असं कर्ज फेडायचं बंधनही राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. याच ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून या कायद्याचा आधार घेऊन वेठबिगार सोडवले आहेत.

विटेची ताकद काढायला आपण लॅबमध्ये शिकतो. ती वीट पाडणाऱ्याला रोज किती मिळतो आणि त्यातून किती कापला जातो, हे विचारायला लॅब लागत नाही. पहिल्या साइटवर तेवढा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर वहीत आकड्यात लिहून ठेवा.