हार्ड डिस्क गेली म्हणून लॅपटॉप टाकायचा का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४ सालचा आहे. हल्ली सुरू व्हायला फार वेळ लागतो, फाइल उघडताना अडकतो आणि मधूनच ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. फॉरमॅट केल्यावर ठीक होईल, असं एक मित्र म्हणतो. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. कुणाचं ऐकू?

उत्तर : आधी तो आवाज समजून घेऊ. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थराची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. तिच्यावरून वाचन करणारं हेड केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवरून सरकतं. हेडला आपली जागा सापडली नाही, की ते मागे येतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तीच ही टक्-टक्. म्हणजे बिघाड यंत्राचा आहे, व्हायरसचा नव्हे.

म्हणूनच फॉरमॅटचा उपयोग नाही. झिजलेली तबकडी किंवा दुखावलेलं हेड फॉरमॅटने दुरुस्त होत नाही. खराब जागांऐवजी वापरायला डिस्कजवळ थोडी राखीव जागा असते. ती संपत आली, की लॅपटॉप असा अडखळतो. उलट फॉरमॅटमुळे तुमचे फोटो मात्र जातील. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कुणी देईल. तो मुळीच ऐकू नका, आत दव धरतं.

पहिलं काम डेटा वाचवण्याचं. डिस्क अजून वाचली जात असेल, तर दुसरं काहीही न करता फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. सिनेमे राहिले तरी चालतील. आवाज सतत येत असेल, तर मात्र लॅपटॉप लगेच बंद करा. प्रत्येक वेळी सुरू केल्याने हेड तबकडी आणखी खरवडू शकतं. अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं. खर्च बराच येतो, पण घरी डिस्क उघडली तर धुळीचा एक कणही तिला पुरतो.

आता दुकानदाराचं म्हणणं. बाकी लॅपटॉप धड असेल, तर नव्याची गरज नाही. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘साटा’ नावाच्या जोडाची अडीच इंची डिस्क असते आणि तिच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसते. मागताना ‘अडीच इंची साटा’ असंच सांगा. नव्या लॅपटॉपमधली पट्टीसारखी एसएसडी तिथे बसणार नाही. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड आणि नवी ७ मिमी असेल, तर फट भरायला पातळ चौकट मिळते.

‘जुन्या लॅपटॉपला एसएसडीचा काय फायदा?’ ही शंका अनेकांना असते. साटाचा जोड जुना असेल, तर एसएसडीचा कमाल वेग पूर्ण मिळत नाही, हे खरं. पण खरा वेळ जातो तो माहितीची जागा शोधण्यात. फिरत्या डिस्कला त्यासाठी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला मिलिसेकंदाचा जेमतेम दहावा भाग.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करू नका, खराब जागांपाशी ती अडकते. विंडोज नव्याने टाका. तिचा परवाना सहसा मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि एवढ्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटरनेट आणि लिहिण्यापुरताच वापर असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहा.